पाऊल आत कलंडतंय? आधी जुनी चप्पल उलटी करा

दाराशी पडलेली रोजची चप्पल उलटी करून तळ बघा. टाचेची बाहेरची कड झिजली असेल तर काळजी नको, बहुतेकांची तिथूनच झिजते. आतली कड आणि अंगठ्यामागचा भाग गुळगुळीत झाला असेल, तर पाऊल टेकताना जरा जास्तच आत कलंडत असावं. यालाच ओव्हरप्रोनेशन म्हणतात. थोडं कलंडणं हवंच, त्यानेच दणका जिरतो. अति झालं की टाच, नडगीची आतली बाजू किंवा गुडघा कुरकुरतो.

मग पाय ओला करून शहाबादी फरशीवर उभे राहा. सोलापुरातल्या जुन्या घरांत तिला तोटा नाही. ठसा लगेच बघा, इथल्या उन्हाळ्यात तो क्षणात वाळतो. आतल्या बाजूची खाच दिसलीच नाही, तर कमान बसकी आहे. पण बसकी कमान म्हणजे दुखणं नव्हे. म्हणून घरच्या कुणाकडून तरी मागून घोट्यांचा फोटो काढून घ्या. टाचेवरची जाड शीर आत वाकलीय का? बाहेरच्या बाजूने दोनपेक्षा जास्त बोटं डोकावतात का? माझा भरवसा या फोटोवर जास्त.

काहीच दुखत नसेल तर इथेच थांबा. बुटात घालायच्या महागड्या इनसोलची (आतल्या गादीची) गरज नाही.

दुखत असेल तर रोज दहा मिनिटं द्या. खुर्चीत बसून, बोटं न मुडपता, अंगठ्यामागचा उंचवटा टाचेकडे ओढा. कमान उचलली जाईल. ५ सेकंद धरा, १० वेळा करा. सुरुवातीला बोटंच मुडपतात, तसं सगळ्यांचंच होतं. मग जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करा (टॉवेल नाही, ही सबब टॉवेलांच्या गावात चालणार नाही). भिंतीला हात टेकून, मागची टाच न उचलता पोटरी ३० सेकंद ताणा. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात.

सोलापूरच्या नवी पेठेत बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. टाचेमागचा भाग दाबून बघा, टणक हवा. बूट पिळून बघा, मधोमध सहज पिळला गेला तर ठेवून द्या. यंत्रमागावर तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनी तरी सपाट स्लिपर टाळावी.

एकाच पायाची कमान अलीकडे बसली असेल, त्या एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, किंवा मधुमेहाने तळपाय बधिर असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ती झिजलेली चप्पलही पिशवीत घालून न्या.