स्पॅनिशमधला ‘सुब्सिग्येन्ते’ कसा वापरावा

स्पॅनिशमध्ये रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारतात ती ‘एल सिग्येन्ते!’ अशी. ‘सिग्येन्ते’ म्हणजे पुढचा. त्याला ‘सुब’ जोडला की होतो ‘सुब्सिग्येन्ते’, म्हणजे त्यानंतरचा, तदनंतरचा. या अर्थाने हा शब्द अहवालातला, इतिहासाच्या पुस्तकातला. दुकानात, घरात तो बोलू नका, कानाला जड लागतो.

आधी उच्चार पक्का करा. लिहिताना ‘ग’नंतर ‘उ’चं अक्षर येतं, पण ते मुकं असतं, जोर ‘ग्येन’वर द्यायचा. रूपं सोपी आहेत: पुल्लिंगी-स्त्रीलिंगी एकच, अनेकवचनात शेवटी ‘स’. ‘लोस आन्योस सुब्सिग्येन्तेस’ म्हणजे त्यानंतरची वर्षं. ‘कशानंतरची’ हे सांगायचं असेल तर पुढे ‘आ’ हे शब्दयोगी लावा.

आता खरी गोम. याचा एक जुळा वाटावा असा शब्द आहे, ‘कोन्सिग्येन्ते’, म्हणजे त्यामुळे झालेला. शिकणारे इथे हमखास घसरतात, म्हणून वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मला नुसता क्रम सांगायचाय की परिणाम? ‘ला सेकिया इ ला कोन्सिग्येन्ते पेर्दिदा दे ला कोसेचा’ म्हणजे दुष्काळ आणि त्यामुळे बुडालेलं पीक. इथे ‘त्यामुळे’ हवंच. आता नुसता क्रम पाहा. स्पेनचं यादवी युद्ध १९३९ साली संपलं आणि फ्रँकोची हुकूमशाही १९७५ पर्यंत चालली. ‘ला गेरा सिविल इ ला सुब्सिग्येन्ते दिक्तादुरा’ असं लिहिलं की ‘युद्ध आणि त्यानंतरची हुकूमशाही’ एवढंच होतं. कारण कोणतं, हे तुम्ही वेगळं मांडायचं. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. मराठीतही आपण ‘त्यानंतर’ आणि ‘त्यामुळे’ यांची सरमिसळ किती सहज करतो!

तारखांच्या बाबतीत मात्र जपून. या शब्दाचा दुसरा अर्थ ‘पुढच्याच्या पुढचा’ असाही आहे, आणि चिली-अर्जेंटिनात तो रोजच्या बोलण्यात येतो. समजा आज बुधवार, ४ तारीख. ‘एल लुनेस सिग्येन्ते’ म्हणजे ९ तारखेचा सोमवार, तर ‘एल लुनेस सुब्सिग्येन्ते’ म्हणजे १६ तारखेचा. पत्रात असा शब्द आला तर अंदाज बांधू नका, उलट विचारून घ्या. स्वतः लिहीत असाल तर सरळ ‘लुनेस १६’ असं लिहून टाका.