हाताला मानवणारा माऊस कसा निवडावा

माऊस घेताना बहुतेकांचे लक्ष किंमत आणि डीपीआयच्या (हात हलवल्यावर पडद्यावरचा बाण किती सरकतो, त्याच्या) आकड्याकडे जाते. खरे तर आधी पाहायला हवा तो आपला हात. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटावरच्या रेषेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. ते साधारण १७ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लहान आकाराचा आणि १९ पेक्षा जास्त असेल तर मोठ्या आकाराचा माऊस पाहावा. बॅगेत सहज मावणारा चपटा माऊस मोठ्या हाताने दिवसभर वापरला, तर बोटे सतत आखडून धरावी लागतात.

शक्य असेल तर दुकानात जाऊनच निवड करावी. तळवा माऊसवर सैल सोडावा आणि बोटे बटणांवर आपोआप टेकतात का, अंगठा व करंगळी आवळावी लागत नाही ना आणि चाक फिरवताना मनगट मागे मुडपत नाही ना, हे नीट पाहावे. यांपैकी एकही गोष्ट खटकली, तर तो माऊस कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या माऊसवर तळवा पालथा ठेवावा लागतो आणि त्यामुळे कोपराखालची दोन हाडे एकमेकांवर पिळली जातात. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलन करताना असतो तसा राहतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकल या उभ्या माऊसमध्ये हाताला मिळणारा कोन ५७ अंशांचा आहे, तर त्याच कंपनीचा लिफ्ट हा लहान आणि मध्यम हातांसाठी असून तो डावखुऱ्यांसाठीही मिळतो. सुरुवातीला नेम चुकतो, म्हणून सवयीसाठी आठवडाभर तरी द्यावा. अंगठा आधीच दुखत असेल, तर अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल (जागेवरच ठेवून गोळा फिरवत वापरायचा माऊस) टाळावा.

ट्रॅकपॅड, म्हणजे लॅपटॉपवर असतो तसा बोट फिरवायचा चौकोन, वाचन आणि लेखनासाठी सोयीचा आहे, पण चित्रे किंवा आराखडे करताना बराच वेळ ओढत न्यावे लागते आणि तिथे बोटे थकतात. तो वापरायचाच असेल, तर दाबण्याऐवजी नुसत्या स्पर्शाने क्लिक होण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करावी.

माऊसची जागाही तितकीच महत्त्वाची असते. कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकांच्या पट्ट्यामुळे माऊस आठ-नऊ सेंटिमीटर दूर जातो आणि खांदा बाहेर ताणला जातो, म्हणून हिशेबाचे काम नसेल तर तो पट्टा नसलेला कीबोर्ड घ्यावा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, तर माऊस बदलून पाहण्यात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.