जुनिपरला पीळ देताना या चुका टाळा

जुनिपर, म्हणजे बोन्सायसाठी आवडीचं सूचिपर्णी झाड, मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. निदान चुकतं ते यामुळेच. जानेवारीत मुळं छाटली, त्याच दिवशी तार लावली, खोडाला पीळ दिला आणि मार्चमध्ये पाला करडा पडायला लागला की आपण म्हणतो, "ऊन लागलं." मग झाड सावलीत जातं, पाणी वाढतं, वर बुरशीनाशकाचा फवारा बसतो. झाड मात्र कधीच गेलेलं असतं. म्हणून छोटं, पिळदार बोन्साय करायला कोवळं जुनिपर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं: एका वेळी झाडाला एकच धक्का द्या. ते सावरल्याची खूण, म्हणजे शेंड्यांना नवा फिकट हिरवा पाला, दिसल्याशिवाय दुसरा धक्का देऊ नका.

सगळं एकाच रविवारी उरकणं

हौशी कार्यशाळांमध्ये हे सर्रास चालतं. नर्सरीची पिशवी फाडायची, माती झाडायची, मुळं कापायची, निम्मा पाला काढायचा, तार गुंडाळायची आणि संध्याकाळी ट्रेमधलं तयार बोन्साय घरी न्यायचं. फोटो छान येतो. पण जुनिपरची ताकद पाल्यात असते. मुळं कापल्यावर नवी मुळं पाल्याच्या जोरावरच फुटतात. पाला आणि मुळं एकाच दिवशी कमी केलीत तर त्याने सावरायचं कशाच्या जिवावर?

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या हवेत मला पटलेला क्रम असा. नोव्हेंबर ते जानेवारीत, रोप आहे त्याच पिशवीत किंवा कुंडीत ठेवून, तार आणि पीळ. मुळांना हात लावायचा नाही. मग पूर्ण एक वर्ष वाढू द्यायचं आणि पुढच्या जानेवारीअखेरीला किंवा फेब्रुवारीत माती बदलायची. तीही सगळी एकदम नको. मुळांच्या गड्ड्याची एक बाजू यंदा, दुसरी पुढच्या खेपेला. नर्सरीतली माती अगदीच चिकट असेल, पाणी वर तळ्यासारखं साचत असेल, तर क्रम उलटा करा: आधी माती, पीळ पुढच्या वर्षी. उथळ ट्रेची घाई तर अजिबात नको. ट्रेमध्ये गेलं की खोडाची जाडी वाढणं जवळपास थांबतं.

जाड खोडाचं रोप निवडणं

नर्सरीत गेल्यावर हात आपोआप जाड खोडाकडे जातो. पिळासाठी मात्र पेन्सिलीएवढं किंवा त्याहून बारीक खोड हवं. अंगठ्याएवढं झालं की ते हातांनी पिळलं जात नाही, त्याला चिरा पाडाव्या लागतात, आणि ते नवख्याचं काम नाही. बुंध्याजवळ, पहिल्या चार-पाच बोटांत, हिरव्या फांद्या असलेलं रोप घ्या. झाडाची अंतिम उंची पंधरा-वीस सेंटिमीटरच ठेवायची असेल तर वरच्या पाल्याचा उपयोग खोड जाड करण्यापुरता; खरं झाड खालच्या फांद्यांतून घडणार आहे.

तार चुकीच्या दिशेने गुंडाळणं

याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पीळ इथेच जमतो किंवा फसतो.

तारेची जाडी खोडाच्या साधारण एक तृतीयांश, हा जुना हिशेब तांब्याच्या तारेला लागू पडतो. आपल्याकडे बहुतेकजण ॲल्युमिनियम वापरतात. ती मऊ असते, म्हणून थोडी जाड घ्या. आठ मिलिमीटरच्या खोडाला तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार बरी. एक पुरत नसेल तर दुसरी पहिलीला चिकटून, समांतर. तिरकी आडवी-उभी नको. तारेचं खालचं टोक खोडाच्या मागच्या बाजूने मातीत तळापर्यंत खुपसा. टोक सैल राहिलं तर वर कितीही सुंदर गुंडाळा, पीळ बुंध्यापर्यंत पोचत नाही. वेढे पंचेचाळीस अंशांत, सालीला टेकलेले पण रुतलेले नाहीत, आणि तारेखाली पाला चिमटून राहिलेला नाही.

आता दिशा. खोड ज्या बाजूला पिळायचं आहे त्याच बाजूने तार चढली पाहिजे. वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे खालून वर गेलात तर पीळही काट्यांप्रमाणेच द्यायचा. दिशा बरोबर असेल तर पिळताना तार खोडाला अधिक घट्ट बसते. चुकली असेल तर तार आणि साल यांच्यात फट पडत जाते. फट दिसली की तिथेच थांबा आणि तार काढून पुन्हा गुंडाळा. सैल तार खोडाला आधार देत नाही, आणि पुढचाच बाक नेमका तिथे मोडतो.

न पिळता नुसतं वाकवणं

सरळ खोड धनुष्यासारखं वाकवलं की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जाऊन तुटतात. तेच खोड ओला पंचा पिळावा तसं आधी पिळलं आणि पिळलेल्या अवस्थेतच वाकवलं, तर तंतू लांबीच्या दिशेने एकमेकांपासून सुटतात आणि आश्चर्य वाटावं इतका आखूड बाक मिळतो. बाकाच्या आतल्या बाजूला दोन्ही अंगठे शेजारीशेजारी टेकवा, बाहेरून बोटांनी खोड कवेत घ्या, आणि जोर द्यायचा तो हळूहळू, दम घेत. आदल्या दिवशी पाणी दिलं नाही तर लाकूड जरा नरम वागतं. बाकाच्या बाहेरच्या अंगावर तार येईल असं पाहा.

कानही उघडे ठेवा. बारीक, सलग "कर्र" असा आवाज येतो तो तंतू सुटण्याचा. त्याला घाबरायचं कारण नाही. एकच कोरडा "कट्" आला की थांबा. आणि इथे बहुतेकजण जी चूक करतात ती करू नका: घाबरून खोड परत सरळ करू नका. सरळ करताना भेग दुसऱ्यांदा उघडते आणि उरलेली सालही सुटते. आहे त्या बाकात धरून ठेवा, भेगेवर जखमेला लावायची पेस्ट लावा, वरून टेप गुंडाळा आणि विसरून जा. अर्ध्याहून अधिक साल अखंड असेल तर झाड सहसा तगतं.

मोठा बाक द्यायचा असेल तर तारेच्या आधी खोडाला आवरण हवं. जपानी कारागीर राफिया (ताडाच्या पानांचा धागा) भिजवून गुंडाळतात. आपल्याकडे सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी ताणून गुंडाळली तरी काम होतं, आणि ती कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते.

पीळ दिल्यावर तीन-चार आठवडे झाड उजेडाच्या सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला. पाल्यावर सकाळी पाण्याचा हलका फवारा. खत नवा पाला दिसल्यावरच.

सारखी वेटोळी

हा दोष झाडाला मारत नाही, पण आयुष्यभर डोळ्यांना टोचतो. खालपासून वरपर्यंत एकाच मापाची, एकाच प्रतलातली वळणं. समोरून नागमोडी आणि बाजूने पाहिलं तर सपाट. उपाय ठरवून करावा लागतो. सगळ्यात आखूड आणि धीट बाक मातीलगतच्या पहिल्या दोन बोटांत द्या, कारण खोड जाड झाल्यावर तिथे पुन्हा काही करता येत नाही. त्यापुढचा बाक मागे न्या, नंतरचा पुढे आणि खाली, एखादा जवळजवळ सरळच राहू द्या. वर जाताना वळणांमधलं अंतर कमी होत जावं, पण सारखं नको. दोन पेरांएवढं सरळ खोड बुंध्याशी तसंच सोडून वर नक्षी करणं, ही नवख्यांच्या झाडांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. फांदी बाकाच्या बाहेरच्या अंगावर येईल असं वळण निवडा. आतल्या अंगातली फांदी कोंडून राहते.

तार विसरणं, किंवा घाईने काढणं

जुनिपरचं लाकूड लवचीक असतं. चार महिन्यांत तार काढलीत तर बाक बराचसा परत उघडतो. खोडाला दीड-दोन वर्षं लागू शकतात आणि मधे तार बदलावी लागते. पण पावसाळ्यात वाढ जोरात असताना आठवड्याला एक नजर हवीच. फांदीवर तार रुतली तर त्या चक्राकार खुणा वर्षानुवर्षं जात नाहीत. खोडाचं गणित थोडं वेगळं आहे. जपानमधले काही उत्पादक कोवळ्या खोडावरची तार मुद्दाम थोडी रुतू देतात. तिथली साल फुगते आणि पीळ जुना, खोल दिसतो. हे मलाही आवडतं, पण फक्त खोडापुरतं. काढताना तार उलगडू नका, कटरने वेढ्यावेढ्याला तुकडे करून काढा. उलगडण्याच्या झटक्यात किती कोवळ्या फांद्या मोडतात त्याला हिशेब नाही.

आतला पाला साफ करणं

"हवा खेळू दे" म्हणून खोडाजवळचा सगळा पाला काढायचा आणि टोकांना गोंडे ठेवायचे. दिसायला नीटनेटकं, पण पुढची वाट बंद. जुनिपर उघड्या लाकडावर सहसा नवा फुटवा देत नाही. ज्या फांदीवर हिरवं उरलं नाही ती गेलीच समजा. आपल्याला झाड लहान करायचं आहे, म्हणजे उद्या खोडाजवळच्या याच बारीक फुटव्यांपर्यंत फांदी मागे कापायची आहे. ते जपा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला काढू नका. नखांनी सगळे शेंडे खुडण्याची जुनी सवयही सोडा, त्याने झाड थकत जातं. लांब गेलेले धुमारेच तेवढे कात्रीने, आत जिथे देठ लाकडी झालाय तिथे कापा.

जास्त कापल्यावर गुळगुळीत खवल्यांच्या पाल्याऐवजी टोचणाऱ्या सुया आल्या तर तो रोग नाही. झाडाला ताण बसल्याची ती खूण. कात्री बाजूला ठेवा. खवले परतायला दोन-तीन वर्षंही लागतात.

घरात ठेवणं, आणि पाण्याचं वेळापत्रक

जुनिपर दिवाणखान्यातलं झाड नाही. हिमालयात ते लडाख-लाहौलच्या कोरड्या, वारा पिणाऱ्या उतारांवर वाढतं. त्याला रोज निदान चार-पाच तास थेट ऊन आणि वाहती हवा लागते. टीव्हीशेजारी ते सावकाश मरतं. "एक दिवसाआड एक कप" हा सल्लाही विसरा. माती बोटभर खोल कोरडी होत आली की तळातून निथळेपर्यंत पाणी, नाहीतर काही नाही. यासाठी माती निचऱ्याची हवी: तीन ते पाच मिलिमीटरचे विटांचे तुकडे किंवा सिंडर (जळक्या कोळशाची खडी), जाड वाळू, थोडं कोकोपीट किंवा कंपोस्ट. चाळून धूळ काढून टाका. ती राहिली की तळाशी चिखल होतो.

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्ट हीच परीक्षा. सतत ओल, ऊन नाही. छपराखाली पण भरपूर उजेडात हलवा, कुंड्या दाटीने ठेवू नका. पावसात कोवळे शेंडे टोकाकडून तपकिरी होत मागे सरकत असतील तर ती शेंडेमर. बाधित टोकं निरोगी भागात कापून नष्ट करा, कात्री पुसा, मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात फवारा. आत, खोडाजवळचा जुना पाला तपकिरी होऊन गळत असेल आणि टोकं टवटवीत असतील, तर काही करू नका. सावलीतला पाला झाड स्वतःच टाकतं.

एप्रिल-मेमध्ये पाला निस्तेज, राखाडी ठिपक्यांचा दिसला तर फांदीखाली पांढरा कागद धरून दोनदा टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी (पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड) आहे. अशा वेळी पाणी वाढवून उपयोग नाही. पाल्याच्या खालून जोरदार पाण्याची धार सलग काही दिवस, आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. गंधकाची फवारणी भर उन्हाळ्यात टाळा, कडक उन्हात तिने पाला भाजतो.

पहिल्याच वर्षी खोड सोलणं

जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वताच्या आणि होन्शू बेटावरच्या इतोइगावाच्या कड्यांवरची जुनी शिंपाकू (जपानी जातीची) जुनिपर पाहिली की प्रत्येकाला पांढरं, वाळलेलं लाकूड हवंसं वाटतं. बर्फ, वारा आणि दगडांनी त्या झाडांचा एकेक भाग मेला आणि उरलेली जिवंत सालीची पट्टी पिळासोबत वर चढत गेली. आपल्या रोपातही तेच नातं पाळावं लागतं. जुनिपरमध्ये अमुक मूळ तमुक फांदीला पोसतं आणि मधली पाण्याची वाट सालीखालून थेट, पिळासोबतच वर जाते. खोडावर आडवा काप गेला की वरची फांदी वाळते. बाकीचं झाड ठणठणीत आणि एकच फांदी तपकिरी, असं दिसलं तर तिच्या रेषेत खाली कुठे साल किंवा मूळ तुटलंय का ते शोधा. फवारे मारत बसू नका.

म्हणून आधी पीळ बसू द्या, झाड एक वर्ष जोमात वाढू द्या. मग खडूने पिळाच्या दिशेने एक तिरकी रेघ आखा, प्रत्येक ठेवायच्या फांदीच्या खाली सलग साल राहते ना ते दोनदा पाहा, आणि पहिली पट्टी तीन-चार मिलिमीटरच सोला. नको असलेली फांदी मुळाशी छाटण्याऐवजी बोटभर खुंट ठेवून तिची साल काढली की तिचंही वाळलेलं टोक होतं. उघडं लाकूड पूर्ण सुकल्यावर, ढग नसलेल्या दिवशी, लाइम सल्फर (लाकूड पांढरं करून टिकवणारं चुना-गंधकाचं द्रावण) बारीक ब्रशने लावा. त्याआधी माती प्लॅस्टिकने झाका आणि काम उघड्यावरच करा, वास उग्र असतो. जिवंत साल कडेने फुगून जाड होते ती पुढच्या वर्षभरात, आणि पट्टी आणखी दोन मिलिमीटर रुंद करायची ती त्यानंतर.