कुलर-पंख्याची मोटर बदलताय? मग या चुका टाळा

एप्रिल लागला की सोलापुरात पारा ४० च्या वर जातो, मे मध्ये तर ४३-४४ पण बघितलाय आपण, आणि नेमकी त्याच दिवसांत कुलरची मोटर जाते. मग घाईघाईत दुकानात जायचं, "कुलरची मोटर द्या" म्हणायचं, दुकानदार विचारतो कितीची, आपण म्हणतो नेहमीची, तो देतो आणि आपण घरी येऊन जुन्याच भोकांत बोल्ट आवळून मोकळे. फिरली, वारा आला, झालं काम. थोड्या दिवसांनी ती पण जळते आणि मग सगळे म्हणतात मोटर लोकल निघाली. माझं म्हणणं एवढंच आहे की बऱ्याचदा मोटर चांगली असते, तिच्या गळ्यात बांधलेलं पातं तिला झेपणारं नसतं. भोकं जुळली म्हणजे मोटर जुळली असं नसतं.

आधी मोटर खरंच गेलीय का ते बघा

पंखा हळू फिरतोय किंवा नुसता हुं-हुं करतोय आणि हाताने ढकलल्यावर चालू होतोय, तर आधी कंडेन्सर (कपॅसिटर, मोटरला उठायला मदत करणारा छोटा डबा) बघायचा. सीलिंग फॅनला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तो जुना होऊन दीडवर आला की पंखा रेंगाळतो. मीटरवर मोजला तर लगेच कळतं, आणि नवा कंडेन्सर मोटरच्या किमतीपुढे काहीच नाही. दुसरं म्हणजे सप्लाय पूर्ण बंद करून शाफ्ट (मोटरचा दांडा) हाताने फिरवून बघा, जड लागला तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) सुकलाय किंवा बेअरिंग धरलंय. आणि तिसरं व्होल्टेज. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कुलर चालू झाले की काही भागांत व्होल्टेज पडतं. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे २३० चे १८० झाले तर ताकद साठ टक्क्यांच्या आसपासच उरते, अशा वेळी कंडेन्सर थोडा जरी कमजोर असला तरी मोटर उठतच नाही, जागेवर हुं-हुं करत तापत बसते. सकाळी व्होल्टेज बरं असताना तीच मोटर मस्त चालत असेल तर मोटरला दोष देऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक, आरपीएम न बघणं

आपल्याकडे ५० हर्ट्झ सप्लायवर कुलरच्या मोटरी मुख्यतः दोन प्रकारच्या, चार पोलची (पोल म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचे चुंबकी ध्रुव) साधारण १४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, आणि सहा पोलची ९०० च्या आसपासची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, फाउंडेशनची भोकं पण बऱ्याचदा सारखी. मोठं, जास्त कोन असलेलं पातं ९०० वर चालायला बनवलेलं असतं आणि आपण त्याला १४०० ची मोटर लावतो, वर खूश होतो की वारा वाढला. पण पंख्याचा लोड स्पीडच्या घनाने वाढतो. १४०० भागिले ९०० म्हणजे दीडपटीच्या थोडं वर, आणि त्याचा घन केला की जवळपास पावणेचार पट. म्हणजे ते पातं तेवढ्या स्पीडला न्यायला मोटरला पावणेचार पट काम करावं लागणार. तिच्यात तेवढा दम नसतोच, मग ती १४०० ला पोचत नाही, मध्येच कुठेतरी अडकते, जास्त करंट खेचत राहते आणि आतली वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, भाजत जाते. एचपी तोच होता ना, असं विचारतात लोक. एचपी तोच असला तरी आरपीएम वेगळा असला की सगळं गणित बदलतं.

म्हणून जुनी मोटर भंगारात टाकायच्या आधी तिची प्लेट वाचा, फोटो काढून ठेवा: आरपीएम, अँपिअर, एचपी किंवा वॉट, कंडेन्सर किती. प्लेट गंजून गेली असेल तर मोटर खोलून मेन वाइंडिंगचे कॉइलचे गट मोजा, चार असतील तर १४०० वाली, सहा असतील तर ९०० वाली. जमलं तर जुनी मोटर पिशवीत घालून दुकानातच घेऊन जा, समोर ठेवून जुळवा.

आणि नवी बसवल्यावर टाँग टेस्टरने (वायर जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर) करंट बघितल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. हा करंट पण नीट परिस्थितीत बघायचा, म्हणजे कुलरच्या जाळ्या लावून, गवत ओलं करून, फुल स्पीडवर, अर्धा तास चालल्यावर. जाळ्या काढून घेतलेलं रीडिंग खरं नसतं. फेजची एकच वायर टेस्टरच्या जबड्यात घ्यायची, दोन्ही घेतल्या तर शून्य दाखवणार. प्लेटवरच्या अँपिअरपेक्षा जास्त येत असेल तर पातं बदला, कमी कोनाचं किंवा एक साइज लहान. वारा थोडा कमी येईल पण मोटर टिकेल. टेस्टर नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

शाफ्ट आणि बसवणं

शाफ्ट १२ एमएमचा आणि पात्याचा हब (मधलं भोक) अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ एमएम. फरक ०.७ एमएमचा, डोळ्याला दिसत पण नाही. मग काय करतात, टेप गुंडाळतात, डब्याचा पत्रा कापून घालतात आणि ग्रब स्क्रू (हबमधला, शाफ्टला दाबून धरणारा छोटा स्क्रू) आवळतात. पातं एका बाजूला सरकून बसतं, थरथर सुरू होते, आणि ती थरथर सगळी बुश नाहीतर बेअरिंगवर जाते. यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एखाद्या लेथवाल्याकडून बरोबर मापाची स्लीव्ह (मध्ये घालायची नळी) करून घ्या. आणि ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या भागावरच यायला पाहिजे, गोल भागावर आवळला तर कधी ना कधी सुटणारच. पातं बसत नाही म्हणून हातोडीने ठोकायचं तर अजिबात नाही, एक घाव बसला की शाफ्ट वाकतो किंवा बेअरिंगला खड्डे पडतात, मग तो आवाज आयुष्यभर.

मोटरची उंची जुन्यापेक्षा कमी असेल तर खाली वॉशर घालून उचलायची, पण चारही पायांना सारख्याच जाडीचे. तीन पाय टेकलेले आणि चौथा बोल्टने ओढून बसवलेला असेल तर मोटरची बॉडीच पिळली जाते. पातं रिंगच्या मधोमध पाहिजे, हाताने फिरवून चारही बाजूंनी गॅप बघा. पातं रिंगच्या फार पुढे किंवा मागे बसलं, म्हणजे शाफ्टची लांबी चुकली, तरी वारा मार खातो. बुशवाली मोटर आडव्या शाफ्टसाठी असते, ती उभी करून लावली तर तेल खाली उतरतं आणि बुश कोरडा पडतो, उभ्या कामाला बेअरिंगवालीच घ्या. वायर मोटरमध्ये खालच्या बाजूने जाऊ द्या आणि आत जायच्या आधी तिला थोडा झोल ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळातून गळून जातं, मोटरमध्ये शिरत नाही.

उलटी फिरतेय हे ओळखताना एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या पात्याचा पंखा उलटा फिरला की वारा उलट दिशेने जातो, लगेच कळतं. पण ब्लोअरवाल्या कुलरमध्ये ड्रम उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त खूप कमी. लोक तसाच अख्खा उन्हाळा काढतात आणि म्हणतात कंपनीच खराब. म्हणून घेतानाच विचारा, शाफ्टच्या बाजूने बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने की उलट. बऱ्याच मोटरींमध्ये मेन आणि स्टार्टिंग या दोन वाइंडिंगचं कॉमन टोक आतच जोडलेलं असतं, बाहेरून दिशा बदलता येत नाही.

वाऱ्यासाठी कंडेन्सर वाढवणं हा पण एक लई पसरलेला उद्योग आहे, २.५ च्या जागी ४ लावायचा. स्टार्टिंग वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, पंखा थोडा पळतो आणि तापतो. प्लेटवर लिहिलंय तेवढाच लावा, ४४० व्होल्टचाच लावा, कारण कंडेन्सरवर येणारं व्होल्टेज २३० पेक्षा जास्त असतं. तसंच वाइंडिंगमध्ये बांधलेला थर्मल फ्यूज (मोटर जास्त तापली की सप्लाय तोडणारा) उडाला की तो काढून दोन टोकं थेट जोडणारे मेकॅनिक आहेत. तो फ्यूज उडाला म्हणजे मोटर कशाने तरी तापली होती. कारण न शोधता डायरेक्ट केली तर पुढच्या वेळी आग लागायची वाट मोकळी झाली.

अर्थिंग, याच्यावर मी अडून बसणार

जुनी मोटर काढताना हिरवी वायर तोडून टाकायची आणि नवी लावताना "दोन वायरवर चालतेय की" म्हणायचं, हे कृपा करून करू नका. पत्र्याचा कुलर, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि पोरं अनवाणी. वाइंडिंगचा करंट बॉडीत उतरला आणि अर्थ नसेल तर हात लावणारा माणूसच अर्थ होतो. हिरवी वायर मोटरच्या बॉडीला आणि कुलरच्या पत्र्याला, दोन्हीकडे रंग खरवडून नटबोल्टने घट्ट लावा, थ्री पिनच लावा, आणि घराच्या अर्थिंगला खरंच अर्थ आहे का ते तपासून घ्या. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) असली तर फारच चांगलं. पाणी भरताना नुसता स्विच नाही, प्लग काढायचा.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात

टेबल फॅनची मोटर घेताना मागचा गिअर बघा, मान हलवणारा गिअरबॉक्स शाफ्टच्या मागच्या वर्मवर (स्क्रूसारखे आटे असलेला भाग) बसतो, वर्म वेगळा असला की मान हलणार नाही. समोरची टोपी उलट्या आट्यांची असते, काढताना घड्याळाच्या दिशेने फिरवायची, नाहीतर अजून आवळून तोडाल. मिक्सरच्या कपलरचं पण सहसा तसंच. मिक्सरची मोटर मुळातच वेगळी, कार्बन ब्रशवाली, तिला कंडेन्सर-बिंडेन्सर लागत नाही. शेंगा चटणी करताना तेल सुटून गोळा झाला की मोटरवर भयानक लोड येतो, तेव्हा खालचं लाल ओव्हरलोडचं बटण उडतं. ते उडतंय म्हणून बायपास करू नका, चटणी थोडी थोडी करून फिरवा.

सोलापूरच्या पूर्व भागात लूमच्या शेडमध्ये किंवा घरातच माग असलेल्यांनी अजून एक बघायचं. सुताचं तूस मोटरच्या जाळीत जाऊन बसतं, हवा बंद होते आणि चांगली मोटर पण तापते. तिथे उघड्या जाळीची मोटर लावू नका, पूर्ण बंद बॉडीची घ्या, आणि तिच्यावर साचलेलं तूस दर आठवड्याला सप्लाय बंद करून ब्रशने झाडा.

सीलिंग फॅनमध्ये हल्ली बीएलडीसी (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारी) मोटरचे किट मिळतात, जुना पंखा ७०-७५ वॉट खातो तिथे हे तीसेक वॉटमध्ये चालतं. पण त्याला जुना कंडेन्सर जोडायचा नाही आणि जुन्या रेग्युलेटरमधून सप्लाय द्यायचा नाही, रेग्युलेटर काढून सरळ स्विचमधून द्या, नाहीतर आतलं सर्किट जातं. पंखा परत टांगताना रॉडच्या बोल्टला स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवा, आणि पाती ज्या सेटची आहेत त्याच सेटची तिन्ही लावा.