मॉरिशसमध्ये निवृत्तीनंतर: गाव आधी, घर नंतर

मॉरिशसमध्ये राहायला जायचा विचार असेल तर गाव बघायला दोनदा जा: एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, एकदा जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरच्या सुट्टीत एकदाच जाऊन ठरवलेलं गाव पुढे हमखास सोडावं लागतं. बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब, पण समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वाऱ्याची बाजू यांमुळे अर्ध्या तासाच्या अंतरावर हवा पार बदलते. आपला हिवाळा तो तिथला उन्हाळा, हेही पहिल्या फेरीत लक्षात राहत नाही.

वर्षातला बराचसा काळ वारा आग्नेयेकडून येतो. तो मधल्या पठारावर चढतो आणि तिथेच पाऊस टाकतो. म्हणून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचं क्यूरपिप हिरवंगार, थंड आणि सतत ओलसर असतं. पश्चिमेकडचे फ्लिक आं फ्लाक आणि तामारां डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे कोरडे आणि तापलेले. आग्नेय किनाऱ्यावर माएबुरच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये वारा इतका लागतो की संध्याकाळी अंगणात बसवत नाही. दमा किंवा संधिवात असेल त्यांनी क्यूरपिपला घर घेण्याआधी शंभरदा विचार करावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जानेवारीतल्या पश्चिम किनाऱ्याबद्दलही तसाच.

साठीच्या पुढच्या जोडप्याला आम्ही आधी मधला पट्टा बघायला सांगतो: रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाकोआ. हवा बेताची असते हे एक कारण. मोठं कारण असं की पोर्ट लुई ते क्यूरपिप धावणारी मेट्रो या गावांतून जाते, आणि कांदोसचं सरकारी व्हिक्टोरिया हॉस्पिटल याच पट्ट्यात आहे. किनाऱ्यावरच्या गावांत गाडीशिवाय पान हलत नाही. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून सुरुवातीला अडचण वाटत नाही. पण पंचाहत्तरीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर गाडी कोण चालवणार, हा प्रश्न आजच विचारायचा. गाव निवडताना घरापासून मेट्रोचं स्टेशन, औषधाचं दुकान आणि भाजीबाजार या तिन्ही ठिकाणी पायी जाऊन बघा. कात्र बोर्नचा कपड्यांचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. त्या दिवसांत आसपासच्या रस्त्यांवर किती गर्दी होते, तेही डोळ्यांनी बघून ठेवा.

घर आधी भाड्यानेच घ्या, किमान एक वर्ष. तसंही परदेशी माणसाला तिथे वाटेल ते घर विकत घेता येत नाही, कायद्याने ठरवलेल्या योजनांमधलीच घरं मिळतात आणि ती महाग असतात. भाडं ऐकताना एक गोंधळ नेहमी होतो: तिथल्या चलनालाही रुपयाच म्हणतात, पण त्याची किंमत आपल्या रुपयापेक्षा जास्त आहे. आकडा ऐकून स्वस्त वाटलं की आधी हिशोब करा.

घर बघायला गेलात की बैठकीची खोली शेवटी बघा. आधी दक्षिण भिंतीला टेकलेलं कपाट उघडा आणि आत डोकं घालून वास घ्या. ओल असेल तर कुबट वास येतोच, वरून रंगाचा नवा हात दिला असला तरी. कपाटाच्या मागच्या फळीवरून बोट फिरवा, गादी उलटी करून खालची बाजू बघा, करडे ठिपके दिसले तर ते घर सोडा. नंतर गच्चीवर जा. तिथल्या पावसाळ्याआधी पाण्याचा तुटवडा पडतो आणि पुरवठा तासांवर येतो, म्हणून टाकी आणि पंप हवेतच. दोन माणसांना रोजचं अडीचशे-तीनशे लिटर धरलं तर हजार लिटरची टाकी तीन दिवस पुरते. टाकी पट्ट्यांनी बांधलेली आहे का ते हलवून बघा. आणि पाणी किती तास येतं हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा.

खिडक्यांना बाहेरून झडपा आहेत का हेही महत्त्वाचं. वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. 1960 साली अ‍ॅलिक्स आणि कॅरोल या चक्रीवादळांनी बेटाची दाणादाण उडवली, त्यानंतर काँक्रीटची सपाट छपरांची घरं रूढ झाली. पत्र्याचं छप्पर असलेलं घर कितीही देखणं असो, घेऊ नका. वादळाचे इशारे चार पायऱ्यांचे असतात. पहिल्या पायरीला पाणी, मेणबत्त्या आणि दोन आठवड्यांची औषधं घरात भरायची. तिसरा लागला की घराबाहेर पडायचं नाही. ताशी 120 किलोमीटरचे झोत नोंदले गेले आणि तसेच चालू राहणार असले की चौथा. मध्येच वारा अचानक पडला तर वादळ संपलं असं समजून बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि मग वारा उलट दिशेने येतो.

आता कागदपत्रं. निवृत्तांच्या परवान्यासाठी वय 50 च्या पुढे हवं आणि ठरलेली रक्कम परदेशातून तिथल्या बँकेत नियमित यायला हवी. ती बरीच वर्षं महिन्याला 1,500 डॉलर होती, पण सरकार ती बदलतं, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा तिथल्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाकडे बघून मगच पेन्शनचं गणित मांडा. हा परवाना दहा वर्षांचा असतो, त्यावर नोकरी करता येत नाही. आधी वर्षभर राहून बघायचं तर प्रीमियम व्हिसा आहे.

अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते नावांमुळे. बायकोचा जन्मदाखला माहेरच्या नावाचा, लग्नात नाव बदललेलं, पासपोर्टवर तिसरंच. सगळ्या कागदांवरचं नाव एक होत नसेल तर गॅझेटमधली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या. जुन्या पिढीत जन्मदाखलाच नसतो. त्यासाठी नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या दाखल्यांवर आधी राज्य शासनाची साक्षांकनाची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र), हा क्रम चुकला की फेरा नव्याने सुरू होतो. या सगळ्याला तीन-चार महिने हाताशी ठेवा.

पैशांचं जाण्याआधी उरका. भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. अशा खर्चासाठी 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, म्हणून रक्कम मार्चमध्ये थोडी आणि एप्रिलमध्ये थोडी अशी पाठवा. कायमचं गेल्यावर बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमाबाहेर आहे, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका.

भारतातली आरोग्य विमा पॉलिसी बंद करू नका. तिथे ती बहुधा चालणार नाही, पण मोठ्या आजारात परत यायची वेळ आली आणि पॉलिसी तुटलेली असली, तर जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. सोबत नेण्याच्या औषधांपैकी झोपेच्या, क्लोनाझेपामसारख्या आणि ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांना तिथे आधी परवानगी लागते. डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह, इंग्रजीत टाइप केलेली असावी.

भाषेची तयारी निघायच्या सहा महिने आधी सुरू करा. कचेरीत इंग्रजी चालतं, पण बाजारात, शेजारात आणि बसमध्ये क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, लागते, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये. मॉरिशसमध्ये मराठी समाज एकोणिसाव्या शतकापासून आहे, शाळांत मराठी शिकवलं जातं आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तरी त्यांच्या घरातली रोजची बोली बहुधा क्रिओलच. ‘आपलीच माणसं’ म्हणून थेट मराठीत गप्पा होतील असं धरून जाऊ नका. क्रिओलमध्ये दोन वाक्यं बोललात की दार लवकर उघडतं, आणि गणपतीला आरती मात्र सगळे आपल्याच भाषेत म्हणतात. तिथल्या हिवाळ्यातली फेरी भाद्रपदाला जोडून घेता आली तर गावातली माणसं कशी आहेत ते दहा दिवसांत कळतं.