क्वीन क्रीकला नवीन आलात? आधी इथलं ऊन समजून घ्या

चँडलर-गिल्बर्टमधली घरं महागली तसे आपले बरेच लोक ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसराच्या आग्नेय कोपऱ्यात, क्वीन क्रीकला यायला लागलेत. 2010 साली इथली लोकसंख्या 26 हजारांच्या आसपास होती. 2020 मध्ये ती 59 हजारांवर गेली, आणि बांधकामं अजून चालूच आहेत. नवीन येणाऱ्याच्या दृष्टीने यातली चांगली गोष्ट ही, की नव्या वसाहतीत जुनं असं फारसं कुणी नसतंच. शेजारीही कॅलिफोर्नियातून नाहीतर शिकागोकडून नुकताच आलेला असतो आणि तोही ओळखीच शोधत असतो. तेव्हा कुणी येऊन बेल वाजवेल याची वाट बघत बसू नका, तुम्हीच जा.

फक्त कधी जायचं ते इथे ऊन ठरवतं. जुलैच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. गराजचं दार उघडतं, गाडी आत जाते, दार बंद. नवख्याला वाटतं, इथे माणसं राहतात की नाही? त्याने पहाटे पाचला सोनोकी वॉशच्या कडेच्या पायवाटेवर जावं. वॉश म्हणजे एरवी कोरडाठाक असलेला ओढा. तिथे कुत्री फिरवणारे, सायकलवाले, बाबागाडी ढकलत पळणारे आईबाप, आणि घोड्यावरून निघालेले लोकसुद्धा भेटतील. हे मुळात शेतीचं आणि घोड्यांचं गाव, ती हौस अजून टिकून आहे. त्याच वेळेला आठवडाभर त्याच वाटेने चाला. हात हलवणारे चेहरे आपोआप थांबून बोलायला लागतात.

उन्हाला मात्र हलकं घेऊ नका. 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा रोज 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर गेला होता. नागपूर-चंद्रपूरकरांना हा आकडा नवा नाही, पण तिकडे जूनमध्ये पाऊस सुटका करतो. इथे सप्टेंबर उलटेपर्यंत सुटका नाही. सीटबेल्टचं बक्कल मुलांच्या अंगाला लागलं तर चटका बसतो, बागेतल्या घसरगुंडीवर आधी स्वतःचा हात ठेवून बघा. गाडीची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, म्हणून उन्हाळ्याआधी तपासून घ्या आणि डिकीत पाणी कायम ठेवा. आणि कळकळीने सांगतो, आईबाबांना मे-जूनमध्ये बोलावू नका. ऑक्टोबर ते मार्च बोलवा. बाहेर पडता आलं नाही की म्हातारी माणसं चार भिंतींत कोमेजून जातात. हिवाळ्यात तीच माणसं सकाळ-संध्याकाळ फिरून चार ओळखी करून येतात.

इथल्या पावसाळ्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच, धुळीचं वादळ, हबूब, भिंतीसारखं अंगावर येतं. गाडीत असाल तर रस्ता सोडून पूर्ण बाजूला थांबा, दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे दिसले तर मागचा माणूस तुम्हाला चालती गाडी समजून मागे येतो. या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर होतो. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. खोकला, ताप आणि थकवा आठवडे लांबला तर डॉक्टरांकडे त्याची तपासणी स्वतःहून मागा. विंचवांसाठी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. अंधारात परसाच्या भिंतीवर मारली की विंचू हिरवट चमकतो, चुकत नाही. लहान मुलांचे बूट झटकूनच घाला.

घर घेणार असाल तर किचन नंतर बघा, पाणी आधी विचारा. नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते, आणि जून 2023 मध्ये राज्याने फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबवलं. क्वीन क्रीकने तर दूर कोलोरॅडो नदीकाठच्या सिबोलाच्या शेतीचं पाणी विकत घेतलं, त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. म्हणून पाणी कोण पुरवतं आणि ते कुठून येतं, हे बिल्डरला विचारा आणि लेखी घ्या. अंगणात हिरवळीचा हट्ट धरू नका. खडी आणि वाळवंटातली झाडं लावा, पालो व्हर्डे वसंतात पिवळाधमक फुलतो. स्विमिंग पूल असेल तर कुंपणाबाबत तडजोड नको, लहान मुलांच्या घरी ते कायद्यानेही लागतं.

मे महिन्यात श्नेफ फार्म्सला पीच तोडायला मुलांना न्या. थंडीत सॅन टॅन माउंटन पार्क, आणि पक्षी बघायचे तर गिल्बर्टचं रिपेरियन प्रिझर्व्ह. गणपतीचं मंदिर मॅरिकोपाला आहे, गाडीने साधारण तासभर. मॅरिकोपा शहर मॅरिकोपा काउंटीत नाही, पिनलमध्ये आहे, तेव्हा मॅपवर पत्ता नीट टाका. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला नुसतं जेवायला जाऊ नका, मांडामांडीला जा. ओळखी खुर्च्या लावतानाच होतात.

आणि घरच्यांना फोन करणं इथून सोपं आहे. ॲरिझोनात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, भारताशी फरक बारा महिने साडेबारा तासांचाच. फिरून आल्यावर सकाळी साडेसातला फोन लावा, तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात.