एआय एजंटसाठी टूलचे वर्णन लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरी-देवगडकडचे काही आंबा बागायतदार आणि गुहागर-मालवणचे काही होमस्टेवाले आता व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी एआय एजंटकडे सोपवू लागले आहेत. या एजंटांची टूल्स, म्हणजे ऑर्डर नोंदवण्यासारखी कामे करण्यासाठी एजंट बोलावतो ते छोटे प्रोग्राम, माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा कोड बहुधा व्यवस्थित असतो. वर्णनाच्या जागी मात्र ‘ऑर्डर नोंदवते’ एवढे दोनच शब्द असतात. एजंटच्या मागे असलेल्या भाषा-मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि पॅरामीटरांचा (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांचा) जेसन स्कीमा, म्हणजे कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती हवी याचा आराखडा, एवढेच त्याच्यापुढे येते आणि कोणते टूल केव्हा बोलवायचे, त्यात काय भरायचे, हे ते त्यावरूनच ठरवते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकक न लिहिणे. एका बागायतदाराच्या टूलमध्ये ‘संख्या’ नावाचा पॅरामीटर होता आणि मागचे सॉफ्टवेअर ती संख्या पेट्यांत मोजत होते. पुण्याच्या ग्राहकाने ‘पाच डझन पाठवा’ असे लिहिले, एजंटने ५ भरले आणि पाच पेट्या रवाना झाल्या. हंगामात पाच पेट्यांची ऑर्डर रोजचीच असल्याने पॅकिंगच्या शेडमध्ये कोणालाही शंका आली नाही. ग्राहकाच्या दारात मात्र पंचवीस डझन हापूस उतरला. टूल लिहिणाऱ्या तरुणाने यावर दोन उपाय केले: अधिक महागडे मॉडेल घेतले आणि सूचनांमध्ये ‘ऑर्डर काळजीपूर्वक घ्यावी’ असे वाक्य घातले. पुढची ऑर्डर योगायोगाने ‘दोन पेट्या’ अशी आली, ती बरोबर गेली आणि दुखणे बरे झाले असे त्याने ठरवून टाकले. डझनाची मागणी पुन्हा आली तेव्हा पुन्हा तेच घडले, कारण पेटी हा शब्द मॉडेलपर्यंत कधी पोहोचलाच नव्हता.

अशा ठिकाणी मी पॅरामीटरचे नावच ‘पेट्यांची_संख्या’ असे ठेवतो आणि खाली लिहितो: ‘पूर्ण पेट्या भराव्यात. मागणी डझनात आल्यास स्वतः रूपांतर करू नये. एका पेटीत किती डझन बसतात हे फळाच्या आकारावर ठरते, म्हणून ग्राहकाला विचारावे.’ हा मजकूर मी शेडमधल्या मुकादमाला वाचून दाखवतो आणि जिथे तो ‘म्हणजे कसे?’ असे विचारतो, ते वाक्य पुन्हा लिहितो. ही काही शास्त्रशुद्ध पद्धत नव्हे, पण कोडवरून मॉडेलकडूनच वर्णन लिहवून घेण्याच्या सध्याच्या झटपट रिवाजापेक्षा ती मला अधिक भरवशाची वाटते. कोडमध्ये पेटीचा उल्लेखच नसेल, तर त्यावरून लिहिलेल्या वर्णनात तो येणार कुठून?

समुद्राशी संबंधित टूल्समध्ये हेच वाऱ्याच्या वेगाबाबत घडते. २५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. नुसते ‘२५’ परत करणाऱ्या टूलवर विसंबून कोणी होडी बाहेर काढू नये.

दुसरी चूक परिणाम लपवण्याची. एका होमस्टेच्या टूलचे नाव ‘खोली_तपासा’ असे होते आणि वर्णन होते ‘खोली रिकामी आहे का ते सांगते’. प्रत्यक्षात ते खोली अर्धा तास राखूनही ठेवत असे. तपासण्यात काही बिघडत नाही, असे समजून एजंट प्रत्येक चौकशीला तीन-चार तारखा पडताळत राहिला आणि जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा घर रिकामे असूनही पाहुण्यांना ‘खोल्या भरल्या आहेत’ असे उत्तर जात राहिले. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या टूल्स मॉडेलला जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीत टूल फक्त वाचणारे आहे की काही बदलणारे, हे सांगणाऱ्या खुणा देता येतात. पण त्या निव्वळ संकेत मानल्या जातात, म्हणून टूल काय बदलते ते मी वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात लिहितो. इथे तर टूलचे दोन भाग करणेच योग्य होते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, हे मॉडेलवर सोडू नये; वर्ष-महिना-दिवस हा क्रम उदाहरणासह द्यावा. ठरावीक पर्याय असतील तर मोकळा मजकूर न स्वीकारता स्कीमात एनम, म्हणजे चालणाऱ्या पर्यायांची ठरलेली यादी, द्यावा. ‘ऑर्डर_शोधा’ आणि ‘ऑर्डर_पाहा’ अशी जुळी टूल्स ठेवायचीच असतील, तर कोणते केव्हा वापरू नये हे दोन्हींत लिहावे. एपीआयचे (टूल ज्या सॉफ्टवेअरशी बोलते त्याच्या जोडणीचे) अख्खे दस्तऐवज वर्णनात ओतणे हा आळसाचाच दुसरा प्रकार आहे, कारण तो मजकूर प्रत्येक संभाषणात मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर विचारात घेऊ शकते त्यातली जागा खातो. साध्या टूलला तीन-चार नेमकी वाक्ये पुरतात.

टूल परत करते तो त्रुटीचा संदेशही मॉडेल वाचते, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते. ‘त्रुटी ४००’ (पाठवलेली विनंती चुकीची आहे एवढेच सांगणारा आकडा) एवढेच मिळाले की एजंट तीच चुकीची माहिती पुन्हा पाठवत राहतो, ‘पिनकोड सहा अंकी हवा, मिळालेला पाच अंकी आहे, ग्राहकाला पुन्हा विचारावा’ असे मिळाले, तर बहुधा पुढच्याच संदेशात तो ग्राहकाकडे पिनकोड मागतो.